चालत्या गाडीतली झोप

बस थांबली, आणि थांबली म्हणूनच प्रतिभाला जाग आली. गाडी चालू असली की तिला गाढ झोप लागते आणि थांबली की मोडते, हा तिचा जुना गुण. डोळे पुरते उघडायच्या आतच ती उठली, दारातून खाली उतरली, रस्ता सोडून बांधाकडं गेली आणि वाकून दगड बघायला लागली. एक बरा दिसला. खाली विंचू नाही ना म्हणून तिनं तो बुटाच्या टोकानं उलटून पाहिला. दुसरा त्याच्याच मापाचा हवा होता. तो शोधायला मान वर केली, तर समोर कंपनीची पांढरी बस, मागच्या चाकाशी उकिडवा बसलेला बाळासो ड्रायव्हर, आणि खिडकीतनं तोंड काढून तिच्याकडं बघणारी मोनिका. "अगं ए, काय हुडकतेस? पडलं का काही?" प्रतिभा म्हणाली, "काही नाही गं." आता काय सांगणार? चुलीला दगड बघत होते म्हणून? अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात फोटोचं कार्ड, पायात सेफ्टी शूज, आणि बाई निघाल्या दगड गोळा करायला! घोडी थांबली म्हणजे मुक्काम आला, मुक्काम आला की आधी चूल, आणि चुलीचे तीन दगड आणायचं काम पोरीचं. मेंढरं विकून तेरा वर्षं झाली, घोडी कधीच दुसऱ्याच्या दावणीला गेली, पण हातापायांना ही बातमी कुणी दिलीच नव्हती. तिला स्वतःचं हसू आलं. ती तिथंच बांधावर बसली.

न्हावरं मागं टाकून बस नदीकडं लागली होती तेवढ्यात चाक पंक्चर होऊन बसलं होतं. रांजणगावहून फर्स्ट शिफ्टची पोरं-पोरी घेऊन केडगाव-चौफुल्याला जाणारी ही बस. सगळी पहाटेची उठलेली, सगळी ट्रेनी, त्यामुळं चाक बसल्याचं दुःख कुणालाच नव्हतं. पोरं खाली उतरून बाळासोला सल्ले द्यायला लागली. "एवढी अक्कल हाय तर पाना घ्या की हातात," असं बाळासो म्हणाला तशी सगळी पांगली. मोनिका येऊन प्रतिभाशेजारी टेकली. ही केडगावची. दौंडच्या आयटीआयला दोघी एका बाकावर होत्या, शटलनं एका डब्यातून जायच्या, आणि आता टीव्हीच्या बोर्डावर बारीक पार्ट बसवायला एकाच लाइनवर उभ्या राहत होत्या. "ठरलं का तुझं?" मोनिकानं विचारलं. प्रतिभा म्हणाली, "घरी विचारते." "विचार बाई. पण उद्या सकाळी मॅडमना हो का नाही ते सांगायचंय. नाही म्हणालीस तर मार्चला ब्रेक, आणि मग बस खुरपं घेऊन." ब्रेक म्हणजे काय हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पोरगं कायम करायची वेळ आली की त्याला मधे घरी बसवायचं, मग बोलावलं तर बोलावलं, नाहीतर जय मल्हार. मोनिका मात्र पंतनगरला पोचल्यासारखीच बोलत होती. "मी तर हो सांगून मोकळी झाले. आई रडेल दोन दिवस. हिंदी शिकायला पाहिजे गं. हम लोग पूना से आया है. आया है का आये हैं?"

झालं होतं ते असं. दुपारी लाइन सुटायच्या आधी एचआरच्या मॅडमनी चार पोरींना बोलावून घेतलं. उत्तराखंडात, पंतनगरला, कंपनी नवा प्लांट काढते आहे, हात बसलेल्या पोरी हव्या आहेत. जाल तर पहिल्या दिवसापासून पर्मनंट, न जाल तर इथलं काही सांगता येत नाही. मॅडम गोड बोलल्या. "यू आर यंग, जग बघा," असंही म्हणाल्या. बाकीच्या तिघी एकमेकींकडं बघून हसल्या. प्रतिभानं मात्र मान खाली घातली, कारण पहिल्या क्षणाला तिला आनंद झाला होता. उघड, निर्लज्ज आनंद! पायाच्या तळव्यांना आधी झाला आणि तिथून वर चढला. आणि तो वर चढतोय तोवर तिला तिचे वडील, आप्पा, आठवले. आता बांधावर बसून तिला मोनिकाचा हेवा वाटत होता. मोनिकाच्या बापानं तिच्यासाठी काही विकलेलं नव्हतं. बापानं काही विकलेलं नसलं की पोरीला 'हो' म्हणायला किती सोपं जातं!

म्हस्कूनं पोरीच्या शाळंसाठी मेंढरं इकली. म्हस्कू म्हणजे आप्पा, आणि हे वाक्य प्रतिभानं पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं. पाहुणा आला की चहाच्या आधी हे वाक्य यायचं. धनगराच्या जातीत चालणं सोडून कुणी असं एका पोरीपायी बसलेलं आसपास ऐकिवात नव्हतं, त्यामुळं वाक्याला वजन होतं. गुरुजी वर्गात सांगत. हौसराव बागायतदार, ज्यांच्या रानात आप्पांची मेंढरं दरसाल बसायला यायची आणि ज्यांनी पुढं आपल्या रानाच्या कडेला घराला जागा दिली, ते तर भाषणातच सांगत. एका सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात त्यांनी आप्पांना शाल आणि नारळ दिला. "आपल्यातल्या शिकल्या-सवरल्यांनी ह्या माणसापुढं हात जोडावेत," असं म्हणाले. आप्पा फेटा सावरत उभे होते, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता. लोकांना वाटलं, बिचारा लाजतोय. आई मागं बायकांत बसली होती. प्रतिभा पहिल्या रांगेत, रिबिनी बांधून, आणि सगळं पटांगण आप्पांकडं बघून मग तिच्याकडं बघत होतं, ऐवज तपासून घ्यावा तसं. तेव्हापासून ते बघणं तिच्या अंगावरनं कधी उतरलं नाही. नववीत सहामाहीला गणितात गचकली तेव्हा तिला मार खायची भीती वाटली नाही. तिला मेंढरांची तोंडं दिसली, एकाला एक लागून, व्यापाऱ्याच्या ट्रकच्या फळीतून बाहेर बघणारी. एवढी सगळी गेली, आणि बाईंना बीजगणित येत नाही! दहावी झाली, आयटीआय झालं, कंपनी लागली, तेव्हा कुठं तिला वाटलं की आता आपण ह्या माणसाला तोंड दाखवू शकतो. आणि नेमका आत्ता हा पंतनगरचा घाट. ज्यानं आपल्याला एका जागी ठेवायला सगळं चालणं सोडलं, त्याला जाऊन म्हणायचं, आप्पा, मी निघाले? आईबापांना दाराशी बसवून आपण चालायला लागायचं? छे. होणार नाही. ती मनात 'नाही' म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तळवे थंड पडल्यासारखे झाले.

वारं पडलं होतं. बाजूच्या रानात ऊस तुटून गेला होता आणि पाचट जाळलेल्याचा करपट, गोडसर वास येत होता. असल्याच रानात तेव्हा मुक्काम पडायचा. दिवाळी झाली की रांजणगावच्या वरच्या अंगाच्या माळावरनं वाडा खाली उतरायचा. वाडा म्हणजे घर नव्हे बरं का; चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोड्या, कुत्री, कोंबड्या, हे सगळं मिळून वाडा. माळ उतरायचा, भीमा ओलांडायची, दौंडाकडच्या बागायतीत जायचं, रानारानात मेंढरं बसवायची. मेंढरांची लेंडी रानाला आणि रानवाल्याचं धान्य वाड्याला. गडी मेंढरं घेऊन चरायच्या वाटेनं जायचे, बायका घोड्या हाकत दुसऱ्या वाटेनं. घोडीच्या पाठीवर घोंगड्या, भांडी, रात्री मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी, पायाला बांधलेल्या कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, आणि त्या सगळ्यांत एक पोर, लुगड्याच्या पट्ट्यानं बांधलेलं. ते पोर म्हणजे प्रतिभा. मानेपाशी कोकराचा ओला श्वास, नाकात लोकरीचा आणि दुधाचा वास, खाली घोडीची पाठ डुलतेय, पुढं आईच्या जोडव्यांचा आवाज. अशी झोप पुन्हा तिला पक्क्या घरात कधी लागली नाही. घर झालं, पत्रे चढले, जमिनीवर नीट अंथरूण पडलं, आणि पोर टक्क जागी. जमीन हलेचना! हौसरावांची बायको साखरबाई म्हणाली, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या उतरल्या. शेवटी ती झोप तिला परत मिळाली ती कंपनीच्या बसमध्ये, ज्या वाटेनं वाडा खाली यायचा त्याच वाटेनं उलट वर जाताना. रोज पहाटे ती झोपेत नदी ओलांडायची, झोपेत माळ चढायची, आणि गेटपाशी बस थांबली की जागी व्हायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून कुणाला कळणार होतं?

आणि आई? मुक्कामाच्या जागी बायका आधी पोचायच्या. जागा आईनं निवडायची, हे ठरलेलंच होतं. ती उभी राहायची, वाऱ्याकडं तोंड करायची, ढेकूळ हातात घेऊन चुरायची, आणि काठी रोवायची. काठी रोवली की ते घर. गडीमाणसं दिवस कलताना येऊन त्या घरात मुकाट्यानं जेवायची. प्रतिभाला आई आठवते ती अशी, काठी हातात, पदर खोचलेला, डोक्यावर ऊन, आणि मागं बायका 'आता कुठं' म्हणून थांबलेल्या. आताची आई निराळीच. ती मुकी नाही, बोलते, सुनेशी भांडतेही, पण बोलता बोलता दाराबाहेर बघते. केडगावच्या बाजाराला जीप मिळत असून पायी जाते, पायी येते. वस्तीवरच्या बायका म्हणतात, म्हाळसाबाई पैशाला लई चिकट. प्रतिभाला आयटीआयला असताना त्याची लाज वाटायची. शटलमधून उतरलं की स्टेशनच्या रस्त्याला आई दिसायची, डोक्यावर पाटी, भराभर चालणारी, आणि पोरी विचारायच्या, "ती तुझी आई ना गं? एवढी कुठं पळतीय?" मोठा भाऊ मल्हार, त्याचंही तसंच. मेंढरं विकली तेव्हा तो मिसरूड फुटायच्या बेताला होता, कळप त्याच्याच हाती यायचा होता. आता हौसरावांचा ट्रॅक्टर चालवतो, बायको केली, शेजारी खोली घातली. प्रतिभाला तो कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आप्पा एकदाच कंपनी बघायला आले होते, त्याची आठवण येऊन ती बांधावर बसल्या बसल्या खुदकन हसली. तिला कामाला लागून महिना झाला असेल. सांगून-सवरून येतील तर ते आप्पा कसले. मल्हारच्या मोटारसायकलवरून रांजणगावच्या फाट्यापर्यंत आले आणि तिथून पुढं म्हणाले, मला वाट म्हाईत हाय. म्हाईत होतीच की! वाट सरळ त्यांच्या जुन्या माळावर जाते. फक्त माळावर आता कंपनी होती. झालं, जुन्या पाऊलवाटेनं चालत चालत म्हाताऱ्याचं नाक थेट मागच्या कंपाउंडच्या भिंतीला लागलं. दुसरा कुणी असता तर रस्ता धरून गेटवर गेला असता. आप्पांना भिंतच कळेना. वाट हितनं जातीय तर भित्त हितं कशी? भिंतीला हात लावून ते खिंड शोधत कडेकडेनं चालत राहिले, आणि वॉचमननं त्यांना धरलं. तो बिहारकडचा. "बाबा, इधर कहाँ?" आप्पा म्हणाले, "अरं, हितं आमचा वाडा बसायचा. त्या टाकीपाशी माझी घोडी बांधायचो." त्याला 'घोडी' तेवढं कळलं. त्यानं फोन लावला, बडी मुश्किल है साहब, एक आदमी अपनी घोडी ढूँढ रहा है. लाइनवर ही बातमी पोचली तेव्हा सगळी हसली, आणि प्रतिभाला हातातला पार्ट खाली ठेवायच्या आधीच कळलं की हा आपला बाप. ती पळत गेली. आप्पा वॉचमनच्या खुर्चीत बसून त्याचं पाणी पीत होते, गुडघ्यावर हात ठेवून. तिला बघून म्हणाले, "ब्येस हाय. मोप मोठी हाय. पर जायला-यायला वाट न्हाई ठेवली." तिनं त्यांना बसनं घरी आणलं. सबंध वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि तिला वाटलं, ह्यांना कळप आठवतोय. माझ्यापायी गेलेला कळप. तेव्हा तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं की आपण ह्या माणसाला सोडून कुठं जायचं नाही.

चाक बसवून झालं. बाळासोनं हॉर्न दिला. बस पारगावच्या पुलावरून खडखडत गेली. खाली भीमेला हिरवट पाणी होतं आणि पाण्यावर संध्याकाळचं ऊन. गाडी चालू असूनही प्रतिभाला आज झोप लागली नाही. मोनिका मात्र तिच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होती. वस्तीच्या फाट्यावर प्रतिभानं तिला हलवलं. "उद्या काय सांगणार आहेस?" मोनिकानं डोळे मिटूनच विचारलं. "नाही," प्रतिभा म्हणाली. "वेडी आहेस," मोनिका म्हणाली आणि पुन्हा झोपली.

घरी आई अंगणातल्या चुलीवर भाकरी थापत होती आणि आप्पा बाजेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. प्रतिभानं हातपाय धुतले, बूट उंबऱ्याशी ठेवले आणि बाजेच्या पायाशी जमिनीवर बसली. लांबण लावायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. "आप्पा, कंपनी मला लांब पाठवतीय."

"लांब म्हंजी? पुण्याला?"

"न्हाई. तिकडं उत्तरंला. दौंडावरनं रेल्वेनं जायाचं, दोन दिवस लागत्यात. तिथं पर्मनंट करणार म्हणं."

"आन् हितं?"

"हितं मार्चला ब्रेक." ती घाईघाईनं पुढं बोलली, "पर मी न्हाई म्हणून सांगणार हाय. तुम्ही घोर लावून घेऊ नका. हितं दुसरं काय तरी बघीन."

आप्पांचा तेलाचा हात थांबला. "न्हाई का म्हणून?"

"का म्हंजी? आप्पा, माझ्यापायी तुम्ही मेंढरं इकली. मी एका जागी ऱ्हावं, शिकावं, म्हणून चालायचं सोडलं. आन् मीच आता..." तेरा वर्षं आत साठवलेलं असं चुलीपुढं, पिठाच्या वासात, बाहेर येईल असं तिला वाटलं नव्हतं. "माझ्यानं न्हाई व्हायचं. तुम्हाला टाकून मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

आप्पा चिडलेच. "कुणी सांगितलं तुला हे?"

"आता कुणी सांगायचं? सगळं गाव सांगतंय. तुम्ही शाल घेतली न्हवं का, पटांगणात?"

आप्पांनी तेलाचा हात धोतराला पुसला. मग त्यांनी आईकडं बघितलं, ती पाठमोरी होती, आणि आवाज खाली आणून ते प्रतिभाशी बोलायला लागले. "त्या साली माळ उतरताना माझा हा गुडघा गेला. मेंढरं फुडं, मी मागं. पोरंसोरं माझ्यासाठी थांबायला लागली. कधी मी कुणासाठी थांबलो न्हवतो, आन् आता माझ्यासाठी वाडा थांबतोय. एक दिस वाड्याचा कारभारी म्हनला, म्हस्कू, तू बायकांच्या वाटनं जा, घोडीवर बस. घोडीवर! कोंबड्यांत आन् कोकरांत! समद्या वाड्यादेखत म्हनला. चांगल्या मनानं म्हनला, पर म्हनला. आन् मी बसलो गं. एक दिसभर बसलो. तुला मांडीत घेऊन बसलो, म्हंजी बघणाऱ्याला वाटावं, पोरीला धरायला बसलाय." ते थांबले. "फुडल्या दिवाळीला व्यापारी बोलावला. लोकं इचाराय लागली, का इकतोस? आता गुडघा गेला असं सांगू व्हय? पन्नाशीबी न्हवती मला. म्हनलं, पोरीला शाळंत घालायचीय. ते लोकास्नी आवडलं. मग मलाबी बरं वाटाय लागलं."

प्रतिभा त्यांच्याकडं बघत राहिली. डोक्यावरचं ओझं उतरलं की माणूस हलका होतो म्हणतात. खोटं आहे. तिचा तोलच गेला. आधी राग आला, असा की उठून त्या बाजेला लाथ मारावी. मग नववीतलं बीजगणित आठवून हसू यायला लागलं. आणि मग मांडीत पोर घेऊन, पोरीच्या आडोशानं घोडीवर बसलेला आपला तगडा बाप तिला दिसला, मान खाली घातलेला, आणि तिला रडू फुटलं. तिला तो दिवस आठवतच नव्हता. ती झोपलेली असणार.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा दोघांच्या लक्षात आलं की आई फिरून बघते आहे. तिचे हात पिठानं भरलेले होते. "म्हंजी पोरीच्या शाळंसाठी न्हवतं?" तिनं विचारलं.

"शाळा व्हतीच की गं..."

"शाळा व्हती. मी इचारते त्येवढं सांगा."

आप्पा म्हणाले, "न्हवतं."

म्हाळसाबाईनं करपलेली भाकरी उचलून कुत्र्याला टाकली आणि तवा खाली उतरवला. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर प्रतिभाला एवढी भीती वाटली नसती. "मला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "मी तुम्हाला पाठीवर घेऊन चालले असते. मी म्हनलं, लेकराच्या शाळंसाठी हाय तर हाय, आपण मन मारू. ह्या पत्र्याखाली माझा जीव कोंडतोय. रोज सकाळी उठून बघते तर तेच झाड, तीच भित्त, तीच साखरबाई. वाटायचं, पळत सुटावं. मग म्हनायची, गप ग म्हाळसे, पोर शिकतीय. आन् हितं तुमचा गुडघा व्हता व्हय!"

पलीकडं मल्हारच्या खोलीत रेडिओ चालू होता. प्रतिभाला एकदम कळलं की इतकी वर्षं आपण चुकीच्या माणसाकडं बघत बसलो. शाल घेतलेल्या माणसाकडं सगळेच बघतात. ती उठून आईजवळ गेली, पण हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

आईनं पदराला हात पुसले. मग बाजाराला निघताना विचारावं तशा सुरात तिनं विचारलं, "तिकडं डोंगर हाय का?"

"हाय," प्रतिभा म्हणाली. "हिमालय जवळ हाय म्हणत्यात."

"खोली देत्यात का तुमची तुम्ही बघायची?"

"आपली आपण बघायची."

"मग बघू की. मी येते तुझ्यासंगं. कवा निघायचं?"

"तू?" आप्पा बाजेवरनं अर्धे उठले. "तू कुठं जातीस? खुळी का काय? चार लोक काय म्हंतील?"

"म्हनू द्या. म्हंतील, पोरीच्या नोकरीसाठी गेली. ते लोकास्नी आवडतं."

प्रतिभाला हुंदका आणि हसू एकदमच आलं. तोंडावर शर्टाची बाही धरून ती भिंतीला टेकली. उद्या सकाळी मॅडमना काय सांगायचं ते तिला आता ठाऊक होतं, आणि तळव्यांना पुन्हा तीच ऊब यायला लागली होती. ह्या वेळी तिनं ती अडवली नाही.

"आन् मी?" आप्पा म्हणाले.

"तुमचा गुडघा दुखतोय न्हवं? तुम्ही बसा. भाकरीला सून हाय." आईनं तवा पुन्हा चुलीवर ठेवला, नवा गोळा हातात घेतला आणि थापायला लागली. हात भराभर चालत होते.

आप्पांनी तेलाची वाटी उचलली, परत खाली ठेवली. सुनेच्या खोलीकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. पहिली भाकरी टोपल्यात पडली, दुसरी पडली. मग ते अगदी हळू म्हणाले, "दौंडापत्तुर तरी येऊ का मी? गाडीत बसवायला?"

आईनं मागं वळून बघितलं नाही. "या की," ती म्हणाली. "तुम्हाला कोण नगं म्हनतंय?"